फतेगंजचा ख्रिस्ती होमस्कूल ग्रुप: मुलं एकलकोंडी होतात का? (रिव्ह्यू, जरा लांबच झालाय)

बडोद्यात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांचा आठवड्यातून दोनदा भरणारा एक ग्रुप आहे, फतेगंजच्या बाजूला, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. नाव मुद्दाम देत नाहीये कारण ते लोक जाहिरात करत नाहीत आणि मी पुढे थोडं कडू पण लिहिणारे. ज्यांना खरंच हवंय त्यांनी आपापल्या मंडळीत विचारा, नंबर लगेच मिळतो. आमची दोन्ही मुलं जातात, मोठा बारा वर्षांचा आणि धाकटी आठची. स्टार द्यायचे तर लहान मुलांसाठी साडेचार आणि अकरा-बाराच्या पुढच्यांसाठी अडीच, असा फरक का ते सांगते.

आधी साधी माहिती. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते साडेबारा. एका मुलाचे महिन्याला 800 रुपये, दुसऱ्या भावंडाचे अर्धे, त्यात हॉलचं भाडं, नाश्ता आणि चित्रकलेचं सामान येतं. शिकवणाऱ्या सगळ्या आयाच, कुणालाही पगार नाही, आणि तुम्हाला पण पाळीपाळीने काहीतरी घ्यावंच लागतं, हे आधीच लक्षात ठेवा, मुलाला सोडून निघून जाईन असं चालत नाही. हॉल जुना आहे पण उंच छताचा, उन्हाळ्यात बरा राहतो. टॉयलेट स्वच्छ. टू-व्हीलर आत लागते, गाडी आणली तर बाहेर गल्लीत कुठेतरी, आणि मग साडेबाराला बाहेर काढताना तुमचं तुम्ही बघा.

इथे गणित-सायन्स शिकवत नाहीत, ते घरी. इथे होतं ते गाणी, प्रार्थना, बायबलची गोष्ट, चित्रं, नाटक, खेळ आणि महिन्यातून एकदा बाहेर चक्कर. गोष्ट सांगायची पद्धत मला फार आवडते, शार्लट मेसन म्हणून एक इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या (1842 ते 1923), त्यांची. गोष्ट एकदाच वाचायची, मग पुस्तक बंद, आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, मध्ये कुणी टोकायचं नाही. आमची धाकटी घरी पाहुणे आले की माझ्या पदराआड लपायची, ती इथे सगळ्यांसमोर उभी राहून योनाला माशाने कसं गिळलं ते हातवारे करून सांगते आणि मासा ऐवजी मगर म्हणते, कारण कमाटीबागेला गेलो होतो तेव्हा सगळ्यांनी वह्या घेऊन पुलावरून विश्वामित्री नदीतल्या मगरी शोधल्या होत्या. कुणी हसलं नाही तिला. म्हंजे हसले, पण तसं नाही हसले.

लहान मुलांसाठी साडेचार स्टार का, तर वयाची सरमिसळ. शाळेत चाळीस आठ-वर्षांची मुलं एका खोलीत कोंबलेली असतात आणि त्याला आपण सोशल वगैरे म्हणतो. इथे पाच वर्षांपासून चौदापर्यंत सगळे एकत्र. नाश्त्याचा नियम असा की मोठ्यांनी आधी लहानांना वाढायचं आणि मग स्वतः घ्यायचं. एकदा पोहे कमी पडले, अक्षरशः तळाशी खरवड राहिली, तेव्हा आमचा मोठा आणि अजून दोन मुलं रिकाम्या डिशा घेऊन उभी होती, तोंडं बघण्यासारखी झाली होती, पण कुणी पळून पुढे घुसलं नाही. मग एका आईने बाहेरून सेव उसळ मागवली ती वेगळी गोष्ट. हे घरी दोन मुलांत शिकवता येत नाही हो, आणि शाळेच्या कँटीनमध्ये तर अजिबातच नाही. जो पहिला असेल त्याने शेवटचा व्हावं हे आपण संडेस्कूलमध्ये पाठ करतो, इथे ते डिशमध्ये दिसतं.

शिवाय कुणी कुणाला काळा-जाडा-चष्मिस म्हणत नाही. माझा मोठा शाळेत होता तेव्हा (कुठली शाळा ते सोडा) तो थोडा तोतरा बोलतो म्हणून त्याची इतकी टर उडवायचे की पोट दुखतंय म्हणून रोज सकाळी रडायचा, आणि टीचर म्हणायच्या मुलंच आहेत, होतं असं. ते सगळं सोडून आम्ही घरी शिकवायला लागलो ते काही फार मोठ्या धार्मिक विचाराने नाही, खरं सांगते. धार्मिक विचार नंतर आला. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात लिहिलंय की देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना सांगत जा, ते वचन ग्रुपमध्ये प्रत्येक नवीन कुटुंबाला ऐकवतात. छान आहे वचन. मी फक्त एवढंच म्हणते की त्यात "वाटेने चालताना" पण आहे.

आता कडू भाग.

पहिली तक्रार: खोलीत आया फार. वीसेक मुलं आणि सहा-सात आया, कायम. एका शुक्रवारी कॅरम चालला होता, नऊ-दहा वर्षांची चार मुलं. एकाने क्वीन घेतली, कव्हर झालं नाही, आणि तो क्वीन परत ठेवायला तयार नाही. म्हणाला आमच्या घरी असंच खेळतात. (घरी असंच खेळत असणार, कारण घरी समोर आई असते आणि तिला स्वयंपाकाला उठायचं असतं.) दुसऱ्याने स्ट्रायकर मुठीत धरून ठेवला, तिसरी म्हणाली मग माझा पण मघाचा फाऊल कॅन्सल करा, चौथा नुसता पावडर फासत बसला. मस्त भांडण रंगलं होतं, मी लांबून बघत होते, आता हे काय नियम ठरवतात बघू. तेवढ्यात एक ताई आल्या, क्वीन उचलून मध्ये ठेवली, सगळ्यांना सॉरी म्हणायला लावलं आणि वरून क्षमेवर छोटी प्रार्थना पण घेतली. मुलांनी आमेन म्हटलं आणि कॅरम सोडून दिला. संपलं!

माझी नणंद एमएस युनिव्हर्सिटीत ह्यूमन डेव्हलपमेंट शिकलेली आहे, तिला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली अगं पियाजे. हे स्विस मानसशास्त्रज्ञ, ते मुलांबरोबर बसून त्यांना गोट्यांच्या खेळाचे नियम विचारायचे, नियम कुणी केले, बदलता येतात का वगैरे. त्यांचं म्हणणं असं की मोठ्यांनी सांगितलेला नियम मूल नुसतं पाळतं, पण न्याय म्हंजे काय ते त्याला बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करताना कळतं, कारण तिथे कुणाचंच वजन जास्त नसतं. शाळेची मधली सुट्टी, जिन्याखालची जागा, बसची मागची सीट, हे जे मोठ्यांच्या नजरेबाहेरचे कोपरे असतात ते इथे नाहीतच. त्या कोपऱ्यात टर पण उडते, मला माहितीये, माझ्याच पोराची उडाली. म्हणून मी त्या आयांना पूर्ण दोष देत नाही, प्रत्येकीच्या मागे अशीच काहीतरी गोष्ट आहे. पण टर थांबवणं वेगळं आणि क्वीन उचलणं वेगळं, एवढा फरक तर करा. मी मीटिंगमध्ये सुचवलं की रोज अर्धा तास आयांनी मागच्या अंगणात चहाला जायचं आणि आतून रडण्याचा आवाज आल्याशिवाय आत यायचं नाही. दोघी-तिघींना पटलं. बाकीच्यांनी प्रार्थना करू म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ आपल्याला माहितीये.

दुसरी तक्रार मोठी आहे, अकराच्या पुढच्या मुलांचे स्टार तिथेच कापलेत. सगळी मुलं आपल्यातलीच. भाषेने वेगळी आहेत, ते मान्य, आम्ही मराठी, आणंद-नडियादकडची गुजराती ख्रिस्ती कुटुंबं, मल्याळी, एक तमिळ, सगळी मिळून हिंदीत आणि इंग्लिशमध्ये गप्पा मारतात, त्या हिशोबाने कुठल्याही इंटरनॅशनल शाळेपेक्षा जास्त रंगीत. पण सगळ्यांच्या घरी रात्री तीच प्रार्थना, तेच नाताळचे केक, त्याच गोष्टींना नको. माझ्याच पाळीला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट होती. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली, लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) बघून पुढे निघून जातात आणि ज्याला यहुदी जवळ पण करत नाहीत तो शोमरोनी थांबतो. गोष्ट झाली, मी विचारलं, तर मग तुमचा शेजारी कोण, नावं सांगा. एकेकाने सांगितली. सगळी नावं त्याच खोलीतली! कुणी आपल्या बिल्डिंगमधल्या एकाचंही नाव घेतलं नाही, आणि एका मुलीला मी खोदून विचारलं की तुमच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तर ती म्हणाली, आंटी, ते लोक.

ते लोक. मला त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

हे फक्त आमच्या बडोद्याचं नाही म्हणा. जर्मनीत घरी शिकवायला कायद्याने परवानगीच नाही, तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने युरोपच्या मानवाधिकार कोर्टापर्यंत केस नेली होती, 2006 साली कोर्टाने ती दाखल करून घेण्याजोगी नाही म्हणून फेटाळली, आणि जर्मन कोर्टांचा जो मुद्दा होता की समाजात समांतर समाज तयार होऊ नयेत, सगळ्यांची मुलं एकमेकांत मिसळावीत, तो युरोपच्या कोर्टाने चुकीचा धरला नाही. आमच्या ग्रुपमध्ये ही केस छळाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला पण सरकारने घरात घुसणं पटत नाही, पण मुद्दा मुद्दा म्हणून खोटा आहे का? आपल्याकडे तसं बंधन नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकांनी मुलाला जवळच्या शाळेत घालावं असं कर्तव्य लिहिलंय पण न घातल्यास पालकांना शिक्षा नाही, आणि होमस्कूलबद्दल कायद्यात चकार शब्द नाही. आमचे सासरे मात्र यावरून दर रविवारी ऐकवतात. ते पक्के बडोदेकर, म्हणतात आमच्या सयाजीराव महाराजांनी 1893 ला अमरेलीत सुरुवात करून 1906 ला अख्ख्या संस्थानात सक्तीचं शिक्षण आणलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्याला दंड करायचे, आणि तुम्ही त्याच गावात पोरं घरी बसवता!

त्यावर मी त्यांना पंडिता रमाबाईंचं नाव सांगते. 1858 चा जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, आईने घरी संस्कृत शिकवलं, आणि वीस वर्षांच्या असताना 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, मग केडगावचं मुक्ती मिशन. ग्रुपमध्ये पण रमाबाई फार लाडक्या, भिंतीवर त्यांचा फोटो आहे, होमस्कूलचं बघा केवढं उदाहरण म्हणून. बरोबर आहे, पण रमाबाई घरी शिकल्या म्हंजे चार भिंतींत शिकल्या का? त्यांचं कुटुंब तीर्थक्षेत्रं करत पुराणं सांगत फिरायचं, दुष्काळात आईवडील गेले, मग भावाबरोबर त्या पायी देश फिरल्या, उपाशी राहिल्या, हजार तऱ्हेची माणसं पाहिली. त्यांचा अभ्यास घरचा होता आणि सगळा सहवास रस्त्यावरचा. फोटो लावताना हा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो.

आणि बडोद्यात तर परीक्षा दरवर्षी येते, नवरात्रात. नऊ रात्री सगळं गाव गरब्यात असतं आणि आमच्या ग्रुपमध्ये व्हॉट्सअॅपवर वाद चालू होतो, मुलांना पाठवायचं की नाही. आमचं घरचं ठरलेलं आहे, आरतीत उभं राहायचं नाही पण खाली सोसायटीत खुर्च्या लावायला, पाणी वाटायला, लहान पोरांना सांभाळायला जायचं, आणि कुणी प्रसाद दिला तर नम्रपणे सांगायचं की आम्ही घेत नाही, थँक्यू. काहींना हे फार ढिलं वाटतं, काहींना फार कडक. मला काय दिसलं ते सांगते. मोठ्याला सुरुवातीला "नाही" म्हणताना घाम फुटायचा, अडखळायचा, आता तो हसून सांगतो आणि समोरचा पण हसून बर्फीऐवजी वेफर्स देतो. हे नाही म्हणणं त्याला ग्रुपमध्ये कोण शिकवणार? तिथे नाही म्हणायची वेळच येत नाही. उत्तरायणात तर काही प्रश्नच नाही, 14 जानेवारीला सगळे गच्चीवर, फिरकी कुणाचीही कुणीही धरतो, आणि दुपारपर्यंत शेजारच्या गच्चीवरच्या अनोळखी पोरांशी दोनदा भांडण आणि दोनदा दोस्ती झालेली असते, कुठलीही आई मध्ये न पडता. कारण आया खाली उंधियूच्या मागे.

ग्रुप जेव्हा बाहेर पडतो तेव्हा मात्र तोच ग्रुप वेगळाच दिसतो, हे पण लिहायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, सामा, कारेलीबाग, कितीतरी भाग पाण्यात, वीज नाही, पिण्याचं पाणी नाही. पाणी ओसरायला लागल्यावर हॉलमध्ये मोठ्या मुलांनी खिचडीची पाकिटं भरली आणि पुरुष मंडळींबरोबर वाटायला गेली. चिखलात, मुलींसकट. आमचा मोठा एका म्हाताऱ्या आजोबांकडे पोचला, त्यांची पुस्तकं भिजली होती, गुजराती पुस्तकं, तर हा तिथेच पायरीवर बसून पानं सुटी करत राहिला, त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत गप्पा मारत, आणि कुणी त्याला तोतरा म्हटलं नाही. अजूनही तो अधूनमधून त्यांच्याकडे सायकलने जातो. असं वर्षभर का नाही करत, असं मी विचारलं तर वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. वेळापत्रक आपणच केलंय ना!

अभ्यास मागे पडत नाही का, असं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. बहुतेक कुटुंबं एनआयओएसने (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण बोर्ड) दहावी देतात, चौदा पूर्ण लागतात, त्याच्या आधी तिसरी-पाचवी-आठवीच्या बरोबरीच्या ए, बी, सी लेव्हल आहेत. ग्रुपकडून या फॉर्मबिर्मच्या बाबतीत मदत जवळजवळ शून्य, प्रत्येकाने आपलं आपण ठेचकाळत शिकायचं, तिथे एक जाणकार माणूस ठेवला तर बरं होईल. आणि ते अमेरिकेतले अभ्यास जे मीटिंगमध्ये वाचून दाखवतात की होमस्कूलची मुलं सोशल स्किलमध्ये पुढे असतात, ते जरा जपून ऐका, त्यातले बरेचसे स्वखुशीने पुढे आलेल्या कुटुंबांवरच झालेत, आणि ज्याचं घरी बिनसलंय तो कशाला फॉर्म भरायला येईल. उलट बाजूने पण तेच, होमस्कूलचं मूल एकलकोंडंच होणार हे सांगणाऱ्यांनी एक मूल तरी नीट पाहिलेलं असतं का, शंका आहे. आमच्या धाकटीला बघा, दूधवाल्यापासून बिशपसाहेबांपर्यंत सगळ्यांशी एकाच सुरात बोलते, थोडी भीड असती तर बरं झालं असतं असं वाटतं कधीकधी.

तर कुणी जावं? मूल पाच ते दहा वर्षांचं असेल, लाजरं असेल, शाळेत त्रास झालेला असेल, तर डोळे झाकून जा, इतकी माया बाहेर मिळणार नाही. तुम्ही सोसायटीत राहत असाल आणि मूल संध्याकाळी खाली उतरून सगळ्या जातीधर्माच्या पोरांत खेळत असेल तर मग कुठल्याही वयाला चालेल, कारण उरलेलं काम खाली होतंय. पण स्वतंत्र बंगला, गेट बंद, संध्याकाळी पियानो आणि रविवारी चर्च असं असेल आणि त्यात फक्त हा ग्रुप, तर दहाच्या पुढे मुलाची पंचाईत होईल. लूकनेच लिहिलंय की येशू देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला, आणि तो वाढला नासरेथसारख्या गावात सुताराच्या घरी, जिथे दारात लाकूडकामाला कोण येईल ते आईबापांनी निवडलेलं नसणार.

आमचं सध्या असं ठरलंय की धाकटी ग्रुपमध्ये राहील, आणि मोठ्याला जूनपासून घराजवळच्या एका साध्या शाळेत आठवीत घालतोय, तिथे संध्याकाळी खो-खोची टीम पण आहे, त्यालाच हवं होतं. ग्रुपच्या ताईंना थोडं वाईट वाटलं पण त्या निरोपाचा केक करणारेत म्हणाल्या.

नवीन लोकांसाठी दोन गोष्टी: नवीन मुलं जूनमध्ये आणि जानेवारीत घेतात, आधी दोन वेळा फुकट बसू देतात, त्यात एकदा तरी आईने खोलीबाहेर थांबून बघा. आणि फी यूपीआयने दिलीत तरी पावती मागून घ्या, हिशोबाची वही एकीकडून दुसरीकडे फिरत असते, आमचे मार्चचे पैसे दोनदा मागितले होते.